घडीचा फोन बिघडला तर घरी काय करता येतं, आणि कुठे हात लावू नये

रमजानच्या आदल्या आठवड्यात खालाकडे गेलो होतो. खालू नेहमीसारखे खिडकीजवळ बसले होते, हातात घडीचा फोन. जावयाने दम्मामहून सुट्टीवर येताना आपला जुना फोल्ड त्यांना दिला होता. दोन वर्षं वापरलेला, पण दिसायला नवा कोरा. खालूंना वाचायला मोठा पडदा बरा पडायचा, आणि गेल्या वर्षीच्या उमराहचे सगळे फोटो त्यातच होते.

त्या फोनच्या आतल्या पडद्यावर, बरोबर घडीच्या जागी, फिल्म सुटून एक लांबट बुडबुडा आला होता. शेजारचा मुलगा म्हणाला, "चाचा, हा वरचा प्लास्टिकचा कागद आहे. काढून टाकू, नवीन गार्ड लावून देतो." त्याची नियत साफ होती. नखाने टोक उचललं आणि फिल्म ओढून काढली. चौथ्या दिवशी घडीवर काळी रेघ उमटली. आठवड्याभरात उजवी अर्धी बाजू अंधारी झाली. सर्व्हिस सेंटरवर सांगितलेला खर्च ऐकून खालू म्हणाले, "एवढ्यात तर नवा फोन येईल." खोटं नव्हतं ते. उमराहचे फोटो मात्र वाचले. कसे, ते पुढे सांगतो.

हे एकट्या खालूंचं नाही. आपल्याकडे कोकणापासून मुंब्र्यापर्यंत कितीतरी घरांतली माणसं आखातात आहेत. त्यांचे वापरलेले महागडे फोन अब्बांकडे, सासऱ्यांकडे, धाकट्या भावाकडे येतात. फोन येतो, पण बिल आणि वॉरंटी तिकडेच राहते. मग बिघडला की माणूस आधी यूट्यूब उघडतो. म्हणून घडीच्या फोनच्या बाबतीत घरच्या घरी काय जमतं आणि काय नाही, हे एकदा नीट सांगणं गरजेचं वाटलं.

पडदा नव्हे, पापुद्र्यांची चळत

साध्या फोनची काच फुटली की काच बदलते. घडीच्या फोनचं गणित वेगळं आहे. आतला पडदा म्हणजे एकावर एक चिकटवलेले पातळ थर. सगळ्यात वर प्लास्टिकची संरक्षक फिल्म. तिच्याखाली अतिपातळ काच. २०२० मध्ये सॅमसंगने झेड फ्लिपमध्ये ही काच आणली तेव्हा तिची जाडी सुमारे ३० मायक्रॉन होती, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी. त्याखाली प्रकाश देणारा ओएलईडी थर, तोही प्लास्टिकच्या पायावर, आणि शेवटी आधाराला धातूची पातळ पट्टी. घडी घालताना हे सगळे थर एकमेकांवर किंचित सरकतात. म्हणूनच पडदा दुमडतो.

वरची फिल्म तिथे का आहे, हे यावरून कळतं. घडी घालताना पडणारा ताण ती वाटून घेते, आणि नखाचा किंवा खड्याचा पहिला घाव आपल्यावर झेलते. ती निघाली की खाली राहते ती केसापेक्षा पातळ काच. तिला कुठे बारीक तडा गेला की आत हवा आणि ओलावा शिरतो. ओएलईडीतल्या रसायनांना हे दोन्ही सोसत नाही. काळा डाग एका ठिकाणी न थांबता रोज थोडा थोडा पसरत जातो तो याचमुळे. खालूंच्या फोनचं तेच झालं.

गंमत म्हणजे हीच चूक भल्याभल्यांनी केली आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड बाजारात यायचा होता. त्याआधी पत्रकारांना तपासायला दिलेले काही फोन दोन-तीन दिवसांत बंद पडले. त्यातल्या काहींनी वरचा थर स्क्रीन गार्ड समजून सोलून काढला होता, आणि काहींच्या बिजागरीतून कचरा आत गेला होता. कंपनीने विक्री थांबवली, थराच्या कडा चौकटीखाली दडवल्या, बिजागरीची टोकं झाकली आणि सप्टेंबरमध्ये फोन पुन्हा आणला. भारतात तो ऑक्टोबर २०१९ मध्ये १,६४,९९९ रुपयांना आला. त्या काळात फोन दुरुस्तीचा अभ्यास करणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकी संस्थेने तो उघडून पाहिला आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी दहापैकी फक्त २ गुण दिले. नंतर आलेल्या मोटोरोलाच्या घडीच्या रेझरला तर १ च मिळाला.

अजून एक गोष्ट, जी आपल्या लोकांना खास सांगायला हवी. खनिजांचा कठीणपणा मोजायचं मोह्स नावाचं एक माप आहे, १ ते १० पर्यंत. साध्या फोनच्या काचेवर साधारण ६ च्या पातळीला ओरखडे उठू लागतात. घडीच्या पडद्यावर ते २ लाच दिसतात आणि ३ ला खोल जातात. आपलं नख अडीचच्या आसपास असतं. बऱ्याच बुजुर्गांच्या बोटात अकीकची अंगठी असते. अकीक साडेसहा ते सातच्या घरात, फिरोजा पाच-सहाच्या. समुद्रावरची वाळू सात. म्हणजे अंगठी घातलेल्या हाताने आतला पडदा पुसणं हे दगडाने पापड घासण्यासारखंच आहे. अंगठी काढा, नाहीतर दुसऱ्या हाताने पुसा.

बिघाड दिसला की पहिलं काम: फोटो काढून घ्या

दुरुस्ती नंतर. घडीवर रेघ, काळा ठिपका, हिरवी किंवा गुलाबी उभी पट्टी, किंवा अर्ध्या पडद्यावर बोट न लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. हा डाग उद्या मोठा होणार आहे असंच धरून चला.

पुस्तकासारखा उघडणारा फोल्ड असेल तर त्याला बाहेरच्या बाजूला पूर्ण चालणारा दुसरा पडदा असतो. आतला मेला तरी बाहेरच्या पडद्यावरून लॉक उघडता येतं. खालूंच्या फोनचं आम्ही हेच केलं. फोन बंद घडीत ठेवला, बाहेरच्या पडद्यावर पिन टाकला, केबलने लॅपटॉपला जोडला, फाइल ट्रान्सफर निवडलं आणि फोटोंचा फोल्डर उचलून घेतला. मग व्हॉट्सॲपचा बॅकअप. दीड तास लागला, बस. खालू शेजारी बसून एकेक फोटो मोजत होते.

डबीसारखा उघडणारा फ्लिप असेल तर जास्त सावध राहायला हवं, कारण जुन्या फ्लिपचा बाहेरचा पडदा अगदी छोटा असतो. चित्र दिसतंय पण बोट चालत नाही, अशी अवस्था असेल तर टाइप-सी चा छोटा ओटीजी जोड घ्या आणि कॉम्प्युटरचा साधा माउस लावा. पडद्यावर बाण येतो आणि सगळं काम माउसने होतं. ही युक्ती साध्या अँड्रॉइड फोनलाही चालते.

आणि एक चूक हमखास होते. पडदा जायला लागला की लोक घाबरून फोन बंद-चालू करतात. अँड्रॉइडमध्ये फोन पुन्हा सुरू झाला की पहिल्यांदा पिन किंवा पॅटर्नच द्यावा लागतो, बोटाचा ठसा तोवर चालत नाही. दिसत नसलेल्या पडद्यावर पिन टाकणार कसा? म्हणून पडद्यावर डाग किंवा रेघा असतील तर बॅकअप होईपर्यंत फोन बंद करू नका, बॅटरीही संपू देऊ नका.

फुकटात सुटणारे प्रश्न

आता जरा चांगली बातमी. "पडदा गेला" म्हणून आलेला प्रत्येक फोन खरंच गेलेला नसतो.

फोन उघडला की पडदा काळा, किंवा उघडा असतानाच मध्येच विझतो, असं असेल तर आधी कव्हर काढा. घडी मिटली की उघडली हे फोनला कळतं ते आतल्या छोट्या चुंबकांमुळे आणि ते ओळखणाऱ्या सेन्सरमुळे. कव्हरमागे चुंबकाची रिंग, गाडीतला चुंबकी स्टँड किंवा चुंबकाचं बटण असलेलं पाकीट जवळ आलं की फोनला वाटतं आपण मिटलेले आहोत, आणि तो पडदा विझवतो. दहा मिनिटं कव्हरशिवाय वापरून पाहा. (याच चुंबकांमुळे एक इशाराही आहे: छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने असा फोन वरच्या खिशात ठेवू नये.)

डाग-रेघा काही नाहीत, फोन नुसता अडकला आहे, तर सॅमसंगमध्ये आवाज कमी करायचं बटण आणि बाजूचं बटण एकत्र सातहून जास्त सेकंद दाबून धरा. पुन्हा सुरू होईल. पडद्याचा कोणता भाग बोट ओळखत नाही हे पाहायचं असेल तर सॅमसंगच्या फोनच्या डायलमध्ये स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश असं दाबा. तपासणीचा तक्ता उघडतो. त्यात टच निवडून सगळ्या पडद्यावर बोट फिरवा. जिथे रंग भरत नाही ती जागा मेलेली. दुकानात जाण्याआधी हे माहीत असलं की कोणी उगाच घाबरवू शकत नाही.

बिजागरीतून करकर आवाज येतो, फोन सपाट उघडत नाही, मध्ये किंचित उंचवटा राहतो, ही बहुतेक वेळा कचऱ्याची लक्षणं. फोन बंद करा, अर्धवट उघडा, मऊ कोरड्या ब्रशने बिजागरीच्या फटीच्या बाहेरच्या बाजूने हलकेच झाडा. कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा मिळतो, त्याने हवा मारली तरी चालेल. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. टाचणी, सुई आत घालू नका. आणि तेल? अजिबात नाही. शिलाई मशीनचं नाही, खोबरेल नाही, दाराच्या बिजागरीला मारतो तो स्प्रेही नाही. काही मॉडेलच्या बिजागरीत धूळ अडवायला बारीक तंतूंचा ब्रश असतो. तेलाने ते तंतू चिकटतात आणि धूळ अडण्याऐवजी तिथेच साचते. तेल झिरपत पडद्याच्या गोंदापर्यंत पोचलं तर थर सुटायला लागतात. अत्तर लावलेल्या बोटांनी घडीची कड चाचपायची सवय असेल तर तीही सोडा.

कचरा काढूनही उंचवटा तसाच राहिला तर जोर लावून सपाट करू नका. आत एखादा कण पडद्याच्या मागे अडकलेला असतो आणि तुमचा अंगठा त्याला पडद्यात घुसवतो.

फिल्मला बुडबुडा आलाय, तर खालूंचा किस्सा आठवा. घडीवर बुडबुडा येणं हा या फोनचा नेहमीचाच आजार आहे, फोन गेल्याची खूण नव्हे. तो दाबू नका, सोलू नका. सर्व्हिस सेंटर ही फिल्म बदलून देतं, आणि हा खर्च पडद्याच्या मानाने अगदी किरकोळ असतो. बाहेर करून घ्यायचीच असेल तर लवचिक टीपीयूची फिल्म, घडीच्या फोनचं काम रोज करणाऱ्या माणसाकडून. टेम्पर्ड ग्लास आतल्या पडद्यावर कधीच नाही. जाड काच दुमडत नाही, ती खालचा पडदा फोडते.

वजूच्या पाण्यात पडला तर

हौजावर किंवा नळाशी वजू करताना वरच्या खिशातून फोन निसटणं ही रोजची गोष्ट. २०२१ च्या फोल्ड ३ आणि फ्लिप ३ पासून सॅमसंगने पाण्यापासून बचावाचं आयपीएक्स८ हे मानांकन दिलं. त्यातला 'एक्स' म्हणजे धुळीची हमी नाही. २०२४ च्या फोल्ड ६ ला आयपी४८ मिळालं. इथला ४ म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण अडतील, वाळू त्याहून बारीक असते. २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ मिळालं, म्हणजे धूळ आणि पाणी दोन्ही. पण हे सगळं नव्या फोनचं आणि गोड्या पाण्याचं. दोन वर्षं वापरलेल्या, एकदा पडलेल्या फोनचं सील शाबूत असेलच असं नाही.

पडला तर बाहेर काढा, बंद करा, मऊ कपड्याने टिपा. चार्जिंगचं भोक खाली करून फोन अर्धवट उघडा ठेवा, पंख्याखाली, सावलीत. पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय या फोनसाठी तर उलटा आहे: तांदळाचं पीठ आणि कणी थेट बिजागरीत जातं. हेअर ड्रायरही नको, उन्हातही नको. सॅमसंग आपले फोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगतं. आखातात दुपारी बंद गाडीत ठेवलेला फोन याच्या कितीतरी पुढे जातो, आणि तिथून आलेल्या फोनांची फिल्म आधीच ढिली झालेली असली तर नवल नाही.

खोलायचाच असेल तर

यूट्यूबवर वीस मिनिटांत फोल्ड उघडून बंद करणारे दिसतात. त्यांच्या टेबलावर तापमान ठरवता येणारी हीट प्लेट असते, मायक्रोस्कोप असतो, आणि आधी बिघडवलेले दहा फोन असतात. ते कॅमेऱ्यात येत नाहीत.

साध्या फोनची मागची काच किंवा बॅटरी घरी बदललेल्या माणसाला या फोनची मागची काच, बाहेरचा पडदा, बॅटरी इथपर्यंत जाता येईल. पण अडचण अशी की फोल्डच्या ज्या अर्ध्या भागाला तुम्ही मागून गरम करता, त्याच्या पलीकडेच आतला पडदा असतो. गोंद सुटायला लागणारी उष्णता आणि पडदा खराब करणारी उष्णता यांत फार अंतर नाही. घरातल्या हेअर ड्रायरला ते अंतर कळत नाही. दुसरं, बॅटऱ्या दोन असतात, प्रत्येक अर्ध्यात एक. एकीची जोडणी काढली आणि दुसरीची राहिली तर फोनमध्ये वीज आहेच, आणि स्क्रूड्रायव्हर निसटला की बोर्ड जळतो. तिसरं, दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या कागदासारख्या पातळ पट्ट्या बिजागरीतून जातात. प्लास्टिकची पट्टी थोडी खोल गेली की त्या कापल्या जातात.

तरी करणाराच असाल तर बॅटरी पाव भागापेक्षा कमी चार्ज असू द्या, धातूचं पातं वापरू नका, प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर चित्र काढून त्यावरच ठेवा, आणि झाल्यावर पाण्याचं सील गेलं असं समजा. फुगलेली बॅटरी असेल, म्हणजे मागची काच वर उचलली गेली असेल, तर खोलूच नका. चार्जिंग बंद करा, उशीखाली किंवा गादीवर ठेवू नका, सरळ दुकानात न्या. लिथियमच्या बॅटरीला टोक लागलं तर ती पेटते, आणि घरात मुलं असतात.

आतला पडदा आणि बिजागरी मात्र घरी नाहीच. हे माझं स्पष्ट मत आहे. हा पडदा बहुतेक वेळा एकटा मिळतही नाही. चौकट आणि बिजागरीसकट अख्खा संच येतो, म्हणजे फोनचं बाकी सगळं काढून नव्या सांगाड्यात बसवायचं. किंमत जास्त असते ती याचमुळे. बाजारात स्वस्त पडदे मिळतात, त्यात जुन्या फोनमधून काढलेले बरेच. एकदा काढलेला घडीचा पडदा पुन्हा नीट बसतोच असं नाही.

दुकानात देताना

मुंबईच्या मनीष मार्केटपासून दिल्लीच्या गफ्फार मार्केटपर्यंत या कामात आपली किती मुलं आहेत हे वेगळं सांगायला नको. हात चांगला असलेला कारीगर सर्व्हिस सेंटरपेक्षा प्रामाणिक सल्ला देतो, हा माझा अनुभव आहे. पण त्याला थेट विचारा: महिन्याला घडीचे किती फोन करतोस? भाग नवा की काढलेला? फिल्म, पडदा, बिजागरी यांतलं नक्की काय बदलणार? उत्तर बिलावर लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर नंतर भांडता येत नाही.

दुसऱ्याचा फोन ही अमानत आहे, हे कारीगराला माहीत असतं. तरी आपल्या घरातल्या बायका-मुलींचे फोटो त्यात असतात, म्हणून कुलूप आपण लावून द्यावं. सॅमसंगने २०२२ पासून मेंटेनन्स मोड दिला आहे. सेटिंगमध्ये बॅटरी आणि डिव्हाइस केअरच्या भागात तो सापडतो. चालू केला की कारीगराला फोन तपासता येतो, पण फोटो, मेसेज, नंबर दिसत नाहीत. परत घेतल्यावर आपल्या पिनने किंवा ठशाने तो बंद करायचा. "पिन सांगून ठेवा" असं कोणी म्हणालं तर आधी हे करून द्या.

सर्व्हिस सेंटरवर एक अडचण येते. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी फोन ज्या देशात विकला तिथलीच असते. सौदी किंवा दुबईच्या फोनला इथे पैसे देऊन दुरुस्ती मिळेल, फुकट नाही. म्हणून आखातातल्या माणसाला फोन पाठवण्याआधीच सांगा: वॉरंटी शिल्लक असेल तर तिथेच दाखव, बिलाचा फोटो पाठव. विम्याचं किंवा केअर प्लॅनचं काहींना शरई दृष्टीने खटकतं, तो सवाल आपल्या मुफ्तींना विचारावा. मी इतकंच म्हणेन की आतल्या पडद्याचा खर्च डोळ्यासमोर ठेवूनच असा फोन घ्यावा.

इथे घेतलेल्या फोनवर सर्व्हिस सेंटर टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टलही सुरू केलं, तिथे कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती एकत्र मिळते. आणि वापरलेला फोल्ड स्वस्तात विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी केवायएम लिहून, एक जागा सोडून फोनचा आयएमईआय नंबर १४४२२ वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत असेल तर तिथेच कळतं.

खालूंनी पडदा अजून बदललेला नाही. फोन मिटलेलाच ठेवतात, बाहेरच्या पडद्यावर नमाजच्या वेळा बघतात, व्हॉट्सॲप वाचतात, उघडत नाहीत. उमराहचे फोटो लॅपटॉपवर आहेत, शिवाय पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह खालाने कपाटात, निकाहनाम्याच्या पाकिटात ठेवला आहे.